एमआरआयचं इंजेक्शन, त्यातलं गॅडोलिनियम आणि पॉलिमरचे नॅनोकण

रसायनी

गेल्या महिन्यात मावशीला मेंदूचा एमआरआय सांगितला होता. साधा एमआरआय होत आला तेव्हा टेक्निशियन बाहेर आला आणि त्याने मावसभावाला विचारलं, "कॉन्ट्रास्ट द्यावा लागेल, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय का?" कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात ते इंजेक्शन, आणि क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी. भावाने तिथूनच मला फोन लावला. पीएचडीची सहा वर्षं मी कॉन्ट्रास्टसाठी पॉलिमरचे, म्हणजे लहान रेणू जोडून बनलेल्या मोठ्या रेणूंचे, अतिसूक्ष्म नॅनोकण बनवण्यात घालवली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "देऊ देत का गं? ते अंगात राहतं म्हणे." रिपोर्ट चांगला होता, डॉक्टरांनाही इंजेक्शन हवं होतं, मी हो म्हटलं. पण "अंगात राहतं का" याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत मावत नाही. माझं सगळं काम त्या एका प्रश्नाभोवतीच फिरत होतं, म्हणून हा धागा.

आधी एक गैरसमज दूर करते. क्ष-किरण तपासणीत बेरियम पाजतात तेव्हा फिल्मवर बेरियमच दिसतं. एमआरआयमध्ये इंजेक्शनमधला गॅडोलिनियम हा धातू स्वतः कधीच दिसत नाही. यंत्र ऐकतं ते शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला. रेडिओलहरींचा धक्का दिल्यावर हे हायड्रोजन पुन्हा मूळ स्थितीत यायला वेळ घेतात. गॅडोलिनियम जवळ असलं की शेजारचं पाणी लवकर जागेवर येतं आणि ती जागा चित्रात उजळ दिसते. या धातूच्या आयनाकडे जोडी नसलेले सात इलेक्ट्रॉन असतात, त्यांचा हा प्रभाव.

मोकळं गॅडोलिनियम मात्र विषारी आहे. त्याचा आयन आकाराने कॅल्शियमच्या आयनाजवळ जाणारा, त्यामुळे शरीरात कॅल्शियमच्या जागा अडवून बसतो. म्हणून तो एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून देतात. खेकड्याने नांग्यांनी धरावं तशी ती पकड, आणि तिचं किलेट हे नाव ग्रीकमधल्या नांगीवरूनच आलंय. अशा जातीचं पहिलं औषध १९८८ साली बाजारात आलं. नेहमीचा डोस किलोमागे ०.१ मिलिमोल, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर दीड-दोन तासांत रक्तातलं निम्मं लघवीवाटे निघून जातं.

मूत्रपिंडं ठणठणीत नसतील तेव्हाची गोष्ट वेगळी. १९९७ पासून डायलिसिसवरच्या काही रुग्णांची कातडी लाकडासारखी कडक होऊ लागली, सांधे आखडू लागले. हा नवीन आजार असल्याची नोंद २००० साली झाली, आणि त्याचा संबंध गॅडोलिनियमच्या इंजेक्शनशी आहे हे २००६ मध्ये ऑस्ट्रियातून पुढे आलं. पकड सैल असलेली किलेटं दिवसेंदिवस अंगात फिरत राहिली की धातू सुटतो. पुढे २०१४ मध्ये जपानमधून आणखी एक निरीक्षण आलं: वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूच्या काही केंद्रांत, इंजेक्शन न देता काढलेल्या चित्रातही, उजळपणा उरलेला दिसतो. त्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरीही युरोपने २०१७ मध्ये सैल पकडीची बहुतेक औषधं थांबवली.

आता पॉलिमर. माझ्या गाईडने पहिल्या दिवशी फळ्यावर दोन चित्रं काढली होती, एक भिंगरी आणि एक जातं. लहान किलेट पाण्यात भिंगरीसारखं गरागरा फिरतं, इतकं की शेजारच्या पाण्यावर त्याचा प्रभाव पुरता पडतच नाही. तेच किलेट मोठ्या, जड कणाला घट्ट जोडलं की ते जात्याच्या गतीने फिरतं आणि तेवढ्याच गॅडोलिनियममध्ये कितीतरी जास्त पाणी जागेवर येतं. या ताकदीला आम्ही रिलॅक्सिव्हिटी म्हणतो. घट्ट हा शब्द महत्त्वाचा. सुरुवातीला लोकांनी पॉलिलायसिनच्या लांब साखळ्यांना किलेटं लटकवली आणि अपेक्षेएवढा फायदा झाला नाही, कारण जात्याला सुतळीने भिंगरी बांधली तर जातं सावकाश फिरलं तरी भिंगरी आपली फिरतच राहते.

म्हणून लोक डेंड्रिमरकडे वळले. मध्यभागापासून फांद्या, फांद्यांना फांद्या, असा गोलसर वाढणारा हा पॉलिमर. डोनाल्ड टोमालिया यांनी अमेरिकेत डाऊ कंपनीत असताना तो बनवला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये त्याच्या टोकांवर किलेटं बसवून मोजलं तेव्हा ताकद सुमारे सहापट निघाली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत टोमालियांबरोबर पॉल लाउटरबरही होते, ज्यांना २००३ मध्ये एमआरआयसाठी नोबेल मिळालं.

तीस वर्षं झाली. मावशीच्या हातातल्या कॅन्युलामधून मात्र लहान किलेटच गेलं. असं का, यावरच बोलावंसं वाटतं.

रात्रपाळी_गँट्री

ताई, मनापासून धन्यवाद. मी बारा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. क्रिएटिनिन का मागता, यावर नातेवाईक रोज हुज्जत घालतात. त्यांना वाटतं उगीच पैसे वाढवायला सांगतोय. यापुढे ही कातडीची गोष्ट सांगेन.

आमच्याकडचा अनुभव: इंजेक्शन जाताना हात गार पडल्यासारखं वाटतं, कुणाला मळमळतं, बाकी फारसं काही होत नाही. पण लहान गाठ असेल तर कॉन्ट्रास्टशिवाय आम्हाला खरंच दिसत नाही. भीतीपोटी नको म्हणणारे पेशंट पाहिले की जीव तुटतो.

मंजिरी_सातारा

माझ्या आईचं ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) २८ आहे. पुढच्या आठवड्यात एमआरआय आहे, कॉन्ट्रास्टसहित लिहिलंय. धागा वाचून धस्स झालं. काय विचारू डॉक्टरांना?

रसायनी

मंजिरीताई, घाबरवायला नव्हतं लिहिलं, माफ करा. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्रातली आहे, त्यामुळे निर्णय रेडिऑलॉजिस्ट आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचाच. पण विचारायचं ते एवढंच: "वापरणार ते औषध मॅक्रोसायक्लिक आहे का?" किलेटं दोन प्रकारची. एक उघड्या साखळीसारखी, दुसरी बांगडीसारखी बंद. बांगडीच्या आत बसलेला गॅडोलिनियमचा आयन सहजासहजी निसटत नाही. ही औषधं नेहमीच्या डोसमध्ये दिली तर ईजीएफआर तीसच्या खाली असणाऱ्यांतही त्या आजाराचा धोका अगदीच कमी आहे. ईजीएफआरचा ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि आधी कधी कॉन्ट्रास्ट घेतला असेल तर तेही सांगा.

मंजिरी_सातारा

वहीत लिहून घेतलं. आभारी आहे.

भौतिकमास्तर

लेख आवडला. भिंगरी-जात्याचं उदाहरण वर्गात वापरणार आहे. एक भर घालतो, कारण नेमकं इथेच बरेच लेख फसवतात.

जातं जितकं सावकाश तितकं चांगलं, हे सगळ्या चुंबकांना लागू नाही. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक. १.५ टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनची वारंवारता ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाला १२८. सावकाश फिरणाऱ्या कणांचा मोठा फायदा कमी चुंबकीय क्षेत्रात दिसतो, साधारण २० ते ६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. क्षेत्र वाढलं की तो झपाट्याने ओसरतो, आणि तिथे मध्यम गतीचा रेणू बाजी मारतो. प्रयोगशाळेत कमी क्षेत्रावर मोजलेला आकडा तीन टेस्लाच्या यंत्रात मिळेल असं धरून चालू नये.

शिवाय पाण्याची अदलाबदलही हवी. किलेटमधल्या गॅडोलिनियमला एका वेळी एकच पाण्याचा रेणू चिकटतो आणि सेकंदाला लाखो वेळा बदलतो. पॉलिमरच्या गर्दीत ही ये-जा अडली तर जातं फिरवून उपयोग काय, दाणेच पडत नाहीत.

रसायनी

मास्तर, दाण्यांचं अगदी बरोबर. माझ्या पहिल्या कणांत हेच झालं होतं. गॅडोलिनियम कणाच्या गाभ्यात कोंडलं गेलं, आत पाणीच पोचेना. वजनाने भरपूर धातू आणि चित्र काळोखं. मग तो पृष्ठभागाजवळ आणायला दीड वर्ष गेलं.

सह्यवाटा

मी औषध कंपनीत फॉर्म्युलेशनमध्ये आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नॅनोकणांवर शोधनिबंधांचे डोंगर आहेत आणि पेशंटपर्यंत पोचलेल्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्या. डेंड्रिमरवर आधारित गॅडोमर-१७ आलं, चोवीस गॅडोलिनियम असलेलं, तेही बाजारापर्यंत गेलं नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात म्हणून नॅनोकण आपोआप तिथे जमतात, हे १९८६ पासून ऐकतोय. २०१६ मध्ये दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोचणारा वाटा ०.७ टक्के निघाला, तोही मध्यक. उरलेलं यकृतात आणि प्लीहेत.

दुसरीकडे २०२२ मध्ये अमेरिकेत गॅडोपिक्लेनॉलला मान्यता मिळाली. लहान रेणू, बांगडीची पकड, एकाऐवजी दोन पाणी धरतो, त्यामुळे निम्म्या डोसमध्ये तेवढंच चित्र. पॉलिमर न वापरता काम झालं. मग पॉलिमर हवाच कशाला?

रसायनी

राग कसला, हा प्रश्न मला माझ्या व्हायवामध्येही विचारला होता. तेव्हा नीट देता आलं नाही ते उत्तर आता देते.

नुसतं उजळ चित्र हवं असेल तर पॉलिमर नको, हे मला मान्य आहे. ती शर्यत लहान रेणूंनी जिंकली. पॉलिमरचं काम वेगळं आहे. धातू कुठे जाईल, किती वेळ थांबेल आणि कोणत्या वाटेने बाहेर पडेल, हे कवच ठरवतं. कवचाच्या या कामाचा सगळ्यात चांगला पुरावा गॅडोलिनियमचा नाहीच, लोखंडाचा आहे.

लोहऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे कण घ्या. नुसते पाण्यात टाकले तर एकमेकांना चिकटून गोळा होतात. साबुदाण्याच्या खिचडीत दाणे मोकळे राहावेत म्हणून आपण कूट लावतो ना, तसं त्यांना डेक्स्ट्रानचं कवच देतात. डेक्स्ट्रान म्हणजे साखरेच्या रेणूंची साखळी, म्हणजे पॉलिमरच. हे कण चित्रात उजळ करण्याऐवजी काळं करतात. १९९६ मध्ये अमेरिकेत फेरिडेक्स आलं ते याच बनावटीचं. यकृतातल्या निरोगी भागात कुफ्फर पेशी असतात, बाहेरून आलेलं काहीही गिळणाऱ्या. त्या हे कण गिळतात आणि सगळं यकृत काळं होतं. कर्करोगाच्या गाठीत या पेशी नसतात, ती पांढरी उठून दिसते. म्हणजे सह्यवाटा, तुम्ही ज्याला तोटा म्हणता, की सगळं यकृतात जातं, त्याचाच इथे उपयोग केला.

त्याहून सुंदर काम लिम्फ ग्रंथींचं. फेरुमॉक्सट्रान-१० हे त्याहून बारीक कण, त्यांवरही डेक्स्ट्रान. बारीक असल्यामुळे यकृताच्या हाती लगेच लागत नाहीत, रक्तात फिरत राहतात आणि हळूहळू लिम्फ ग्रंथींत उतरतात. टोचल्यावर चोवीस तासांनी चित्र घ्यायचं. निरोगी ग्रंथी काळी पडते, कर्करोग शिरलेला भाग पांढरा राहतो. २००३ मध्ये बोस्टनमधून प्रोस्टेट कर्करोगाच्या ८० रुग्णांवरचा अभ्यास आला, पहिले लेखक मुकेश हरिसिंघानी. ग्रंथींतला कर्करोग ओळखण्याची संवेदनक्षमता साध्या एमआरआयने ३५.४ टक्के होती, या कणांनी ९०.५ टक्के. साधा एमआरआय ग्रंथी सुजली आहे का एवढंच पाहतो, आणि नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीतही कर्करोग लपलेला असतो. हा निबंध मी एमएस्सीला असताना वाचला आणि हाच विषय घेतला.

मग काय झालं? २००५ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने नकार दिला, २००७ मध्ये युरोपातला अर्ज मागे घेतला गेला. फेरिडेक्सचं उत्पादन २००८ च्या सुमारास थांबलं. ते अर्धा तास सलाइनमधून हळूहळू द्यावं लागे, काहींची पाठ दुखे, आणि तोवर यकृतासाठी गॅडोलिनियमचंच एक सोयीचं औषध आलं होतं. पुढे नेदरलँड्समध्ये नाइमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी फेरुमॉक्सट्रान पुन्हा बनवून घेतलं आणि तिथे ते पेशंटना दिलं जातं. निरुपयोगी म्हणून ते मेलं नव्हतं, याचं मला फार समाधान वाटतं.

अनघा_वाचतेय

साबुदाण्याच्या उदाहरणाने सगळं लख्ख झालं. लोखंड अंगात गेलं तर अपाय नाही का? आणि ते बाहेर कसं पडतं?

रसायनी

अनघा, चांगला प्रश्न. ते बहुतेक बाहेर पडतच नाही, शरीर ते वापरून टाकतं! गिळणाऱ्या पेशी कण विरघळवतात आणि लोह रक्तासाठी साठ्यात जातं. फेरुमॉक्सिटॉल नावाचे असेच कवचवाले कण २००९ पासून अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांना लोह भरून काढायला देतात, आणि गॅडोलिनियम देता येत नाही अशा रुग्णांत काही रेडिऑलॉजिस्ट तेच कॉन्ट्रास्ट म्हणून वापरतात. पण धोका शून्य नाही. तीव्र ॲलर्जीमुळे काही मृत्यू झाले आणि २०१५ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापला गेला. सावकाश, देखरेखीखाली द्यायचं.

गॅडोलिनियमचं तसं नाही. शरीराला त्याचा काही उपयोग नाही, ते बाहेरच पडलं पाहिजे. इथे पॉलिमरवाल्यांची खरी कोंडी आहे. मूत्रपिंडाची गाळणी साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचे कण सोडते. कण त्याहून मोठा केला तर थांबतो, पण यकृतात अडकतो आणि महिनोन्‌महिने तिथे राहू शकतो. लहान केला तर जाण्याची वाट मोकळी, पण काम होण्याआधीच निघून जातो.

यातून काढलेल्या दोन वाटा मला मनापासून आवडतात. पहिली: यूटा विद्यापीठात किलेटं गंधक-गंधक बंधांनी एकमेकांना जोडून लांब साखळी केली. रक्तात फिरताना शरीरातलेच गंधकयुक्त रेणू ते बंध हळूहळू तोडतात, साखळीचे तुकडे होतात आणि तुकडे लघवीवाटे जातात. येताना मोठा, जाताना लहान. दुसरी फ्रान्समधली, आगुइक्स. पॉलिसिलॉक्सेनच्या जाळ्यावर गॅडोलिनियमची किलेटं, कण जेमतेम पाच नॅनोमीटरचा, म्हणजे गाळणीच्या आतला. २०१६ मध्ये ग्रनोबलला मेंदूत पसरलेल्या कर्करोगाच्या १५ रुग्णांवर पहिली चाचणी सुरू झाली. हा कण गाठ दाखवतो आणि रेडिएशन देताना गाठीवरचा माराही वाढवतो. कुठे पोचलाय हे एमआरआयमध्ये बघायचं आणि मग किरण द्यायचे. सह्यवाटा, हे काम गॅडोपिक्लेनॉलच्याने होणार नाही.

सह्यवाटा

आगुइक्सचा मुद्दा मान्य. पण माझी मुख्य अडचण रसायनाची नाही, बॅचची आहे. लहान रेणू म्हणजे एकच वजन, एकच रचना. पॉलिमरचा कण म्हणजे सरासरी. या बॅचमध्ये सरासरी ४० नॅनोमीटर, पुढच्या बॅचमध्ये ४५, आणि शरीरातलं वागणं बदललं. नियामकाला काय दाखवणार?

रसायनी

याला माझ्याकडे उलट उत्तर नाही. आमच्या लॅबमध्ये पावसाळ्यात केलेली बॅच आणि उन्हाळ्यातली बॅच जुळत नसे, शेवटी सॉल्व्हंटमधली ओल हे कारण निघालं. त्यात आठ महिने गेले. पेशंटला द्यायच्या वस्तूत असं चालणारच नाही.

बर्लिनकर

थोडं वेगळं, पण संबंधित. मी बर्लिनला सांडपाणी शुद्धीकरणात काम करतो. लघवीवाटे गेलेलं गॅडोलिनियम नदीत जातं. इथल्या हाफेल नदीच्या पाण्यात नैसर्गिक प्रमाणापेक्षा ते जास्त आहे, हे १९९६ मध्येच दोन जर्मन भूरसायनतज्ज्ञांनी दाखवलं. किलेट इतकं टिकाऊ की आमच्या टाक्यांमधूनही तसंच्या तसं पुढे जातं. पेशंटला सुरक्षित ठेवणारी घट्ट पकड आमच्या कामात आडवी येते. धातू न वापरता काही होऊ शकतं का?

रसायनी

होऊ शकतं, आणि तिथे पॉलिमरशिवाय गत्यंतर नाही. एमआयटीमध्ये नायट्रॉक्साइड नावाचे, एकटा इलेक्ट्रॉन असलेले सेंद्रिय रेणू वापरतात. धातू अजिबात नाही. पण शरीरातलं क जीवनसत्त्वच त्यांना काही मिनिटांत निकामी करतं. म्हणून ते ब्रशसारख्या दाट पॉलिमरच्या आत दडवतात, म्हणजे क जीवनसत्त्व लवकर पोचत नाही. उंदरांमध्ये गाठी दिसल्या आहेत.

दुसरा मार्ग फ्लोरिनचा. फ्लोरिनयुक्त द्रव पीएलजीएच्या कणांत भरतात. हा पॉलिमर विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या नात्यातला, शरीरात त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं. इथे मात्र यंत्र पाण्याऐवजी फ्लोरिनलाच ऐकतं. आपल्या अंगातला फ्लोरिन हाडांत आणि दातांत घट्ट बसलेला असल्याने त्याचा आवाज येत नाही, दिसतो तो फक्त आपण दिलेला. टोचलेल्या पेशी शरीरात कुठे पोचल्या हे पाहायला याचा उपयोग. पण फ्लोरिन भरपूर लागतो, तेव्हा कुठे चित्र येतं.

रात्रपाळी_गँट्री

त्यासाठी वेगळी कॉइल (सिग्नल पकडणारी अँटेना) लागेल ना ताई? आमच्या मशीनला फक्त हायड्रोजनच्या आहेत.

रसायनी

हो, वेगळी कॉइल आणि सॉफ्टवेअरही. रुग्णालयांत ते क्वचितच असतं. मोठा अडसर तोच.

मंजिरी_सातारा

आईचा एमआरआय काल झाला. विचारल्यावर रेडिऑलॉजिस्ट मॅडम बाहेर येऊन बोलल्या, मॅक्रोसायक्लिकच वापरतो म्हणाल्या, आणि बाटलीवरचं नावही दाखवलं. आई बरी आहे. वहीतला प्रश्न कामी आला.

रसायनी

फार बरं वाटलं वाचून. काकूंना नमस्कार सांगा.

पीएचडी_दुसरं_वर्ष

ताई, मी मूकवाचक, पण आज विचारतेच. मी डेंड्रिमरवर गॅडोलिनियम चढवतेय. मोकळं गॅडोलिनियम ओळखायला झायलेनॉल ऑरेंज या रंगाची चाचणी केली तर पिवळं राहायच्या ऐवजी जांभळट होतंय. दोन दिवस डायलिसिस (पातळ पडद्याआड ठेवून पाण्यात धुणं) केलं, पाणी चार वेळा बदललं. गाईड म्हणतात रिलॅक्सिव्हिटी छान आलीये, पुढे उंदरांना द्या.

रसायनी

देऊ नकोस. जांभळं म्हणजे मोकळं गॅडोलिनियम आहे, आणि तुझी रिलॅक्सिव्हिटी त्यामुळेच छान दिसतेय. मोकळ्या आयनाला एकाऐवजी आठ-नऊ पाण्याचे रेणू चिकटतात, आकडा फुगतोच. डेंड्रिमरच्या फांद्यांमध्ये नायट्रोजन आहेत, तिथे धातू सैलसर अडकून बसतो आणि नुसत्या पाण्याने सुटत नाही. थोडं मोकळं डीटीपीए (उघड्या साखळीचं किलेट) घालून रात्रभर ढवळ, ते सैल गॅडोलिनियम ओढून घेईल, मग पुन्हा डायलिसिस. बफरचा पीएच ५.८ च्या आसपास ठेव, नाहीतर रंगाचा भरवसा नाही. आणि सोबत धातू न घातलेल्या डेंड्रिमरचीही तीच चाचणी कर, म्हणजे तुलना राहील.

गाईडना दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून दाखव. मी तेच केलं होतं.

पीएचडी_दुसरं_वर्ष

आज रात्री लावते. डीटीपीए आहे कपाटात.